आडव्या वाऱ्यात सेस्ना (छोटं विमान) उतरवताना: क्रॅब की झुकता पंख?

क्रॅबमध्ये नाक वाऱ्याकडे वळवून विमान तिरकं येतं. पंख सपाट, प्रवासी निवांत. पण चाकं टेकायच्या ऐन क्षणी रडर (शेपटीची उभी झडप, पायाने चालते) दाबून नाक सरळ करावं लागतं; तेव्हाच झोत आला की चाकांवर आडवा ताण बसतो.

दुसऱ्या पद्धतीत वाऱ्याकडचा पंख खाली, रडर उलट बाजूला. आधी वाऱ्याकडचं एकच चाक टेकतं. झोतांच्या वाऱ्यात मला हीच भरवशाची वाटते, कारण वारा पेलवेल का ते हवेतच कळतं: रडर पूर्ण दाबूनही नाक धावपट्टीच्या रेषेत राहत नसेल, तर थ्रॉटल (इंजिनची ताकद वाढवणारा दांडा) पुढे, उतरणं सोडून पुन्हा फेरी.

वारा 12 नॉट (वेगाचं एकक), झोत 20 असेल तर फरकाच्या निम्मे, म्हणजे 4 नॉट उतरतानाच्या वेगात वाढवा. टेकल्यावरही एलेरॉन (पंख खाली-वर झुकवणाऱ्या, पंखांवरच्या झडपा) वाऱ्याकडे धरूनच ठेवा.