नागपूरच्या धंतोलीतली लॅब: इथं साखरेची टेस्ट घड्याळ लावून करतात

चार स्टार देऊन राहिले. पाचवा काहून कापला ते पुढे सांगते, पण आधी आम्ही इथं पोचलो कसे ते सांगते, नाहीतर ह्या लॅबमध्ये वेगळं काय आहे ते कळणार नाही.

माझे मिस्टर ४४ वर्षांचे, उंची १७० सेंटीमीटर, वजन १०२ किलो, म्हणजे बीएमआय ३५ च्या वर. आपल्या भारतीय लोकांत २५ च्या वर गेलं की लठ्ठपणाच धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे असं म्हणतात, ह्यांची ११६ भरली. काम दिवसभर गाडीवर फिरायचं, सकाळी चौकात तर्री पोहे, दुपारचा डबा कधी तीनला कधी चारला, रात्री घरी आले की पोटभर भात. मार्चमध्ये उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून सोनोग्राफी केली तर रिपोर्टमध्ये ग्रेड टू फॅटी लिव्हर. घरात पहिला प्रश्न काय, तर हा बाहेर पिऊन येते का! सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच विचारलं. ह्यांच्या गळ्यात माळ आहे, दारूचा थेंब कधी घेतला नाही, आणि ते दोन दिवस जेवताना मान वर करून पाहत नव्हते, ते मला अजून आठवते. म्हणून कुणाच्या घरी असं होत असेल तर हे माहीत असू द्या, दारू न पिणाऱ्यांनाही फॅटी लिव्हर होते, पोटाचा घेर आणि साखर ह्यांच्याशी त्याचं जवळचं नातं आहे, २०२३ मध्ये तर डॉक्टर लोकांनी ह्या आजाराच्या नावातून अल्कोहोल हा शब्दच काढला आणि मेटाबॉलिक हा शब्द घातला.

तर साखर तपासायची होती. आम्ही आधी दुसऱ्या एका लॅबचं पॅकेज घेतलं, नाव घेत नाही. मुलगा सकाळी साडेसहाला घरी येऊन रक्त घेऊन गेला, पण त्याच्या बॅगेत आणखी आठ-दहा घरांच्या चिठ्ठ्या होत्या, मे महिना, आणि मला नंतर त्याच्याशी फोनवर बोलताना कळलं की सँपल लॅबमध्ये पोचलं साडेअकराला. ट्यूब लाल झाकणाची होती, मी स्वतः पाहिली. आता मला जे तेव्हा माहीत नव्हतं ते सांगते. साखरेचं सँपल राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, तिच्यात फ्लोराइड असते. ते नसलं तर रक्तातल्या पेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते, उन्हात आणखी जास्त. फास्टिंग आली ९७. त्या उशिरामुळेच आली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण मनात तेच येते. मग पीपी. जेवल्यावर दोन तासांनी या म्हटलं होतं, ह्यांनी घाबरून दोन पोळ्या आणि काकडी एवढंच खाल्लं, कामात अडकले आणि साडेतीन तासांनी पोचले, तिथल्या माणसानं विचारलंसुद्धा नाही, "चालते ना" म्हणून सुई टोचली. पीपी १३१. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.६. सगळ्यांपुढे हिरवा रंग, नॉर्मल. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

रामदासपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी तो कागद दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, पोट एवढं, लिव्हरवर चरबी, लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी वाढून ६२, आणि साखर इतकी छान, मला पटत नाही, ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (जीटीटी) करून या, घड्याळ लावून करतात अशा ठिकाणी करा. त्यांनी समजावलं ते असं की वजन जास्त आणि लिव्हरमध्ये चरबी असली की शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही, पण काही लोकांची उपाशीपोटीची साखर बरेच दिवस बरी दिसते आणि जेवल्यावर ती वर चढते आणि लवकर उतरत नाही, म्हणून नुसत्या फास्टिंगवर थांबलं तर डायबिटीस सुटून जातो. मग आम्ही धंतोलीतल्या ह्या लॅबमध्ये आलो.

अपॉइंटमेंट घेतली त्याच दिवशी त्यांचा फोन आला, आणि मला इथंच फरक जाणवला. बाई म्हणाल्या, तीन दिवस रोजच्यासारखं जेवू द्या, भात-पोळी बंद करू नका, नाहीतर टेस्ट चुकीची येते. ह्यांनी तर आठवड्यापासून भात सोडला होता! रात्री दहानंतर फक्त पाणी. सकाळी साडेसातला पोचलो, पहिलं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये. मग सिस्टरनं पाकिटावरचं ७५ ग्रॅम आम्हाला वाचून दाखवलं, पेल्यात पाण्यात ढवळलं, अर्धं लिंबू पिळलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पाच मिनिटांत संपवायचं, पण घाई करून ओकू नका." पहिला घोट घेतला तेव्हाच टायमर दाबला, शेवटच्या घोटाला नाही. स्वयंपाकघरात भाताला लावतो तसला पांढरा टायमर, त्यावर चिकटपट्टी लावून ह्यांचं आडनाव लिहिलं आणि खुर्चीच्या हाताला लटकवला. अशा पाच खुर्च्या, पाच टायमर. शेजारचे एक काका खर्रा खायला खाली जातो म्हणाले तर सिस्टरनं हातच जोडले, "काका, दोन तास तंबाखू नाही, चहा नाही, जिना उतरणं-चढणं पण नाही, चाललं-फिरलं तर साखर खाली येते आणि मग तुमचाच रिपोर्ट खोटा." इतक्या आपुलकीनं बोलल्या की काका पुडी खिशात ठेवून बसले. बरोबर दोन तासांनी टायमर वाजला आणि वाजतावाजताच सुई टोचली, त्या बाईंनी हातातलं बिलाचं काम सोडलं.

फास्टिंग ११२, दोन तासांची २१४.

दोन तासांची साखर १४० च्या आत नॉर्मल, १९९ पर्यंत प्रीडायबिटीस, २०० पासून पुढे डायबिटीस, म्हणजे ज्या माणसाला महिनाभरापूर्वी हिरवा कागद मिळाला होता त्याला साखर निघाली. त्रास काहीच नव्हता म्हणून डॉक्टरांनी एका रिपोर्टवर शिक्का मारला नाही, आठवड्यानं परत करायला लावली, तेव्हा २०६. मी लॅबच्या बाहेर पायरीवर बसून रडले, खोटं काहून सांगू, पण वेळेत कळलं ह्याचं समाधानही तिथंच वाटलं.

आता एचबीएवनसीचं. ह्या लॅबच्या फॉर्मवर एक प्रश्न छापला आहे, घरात कुणाला सिकल सेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) आहे का. विदर्भात हा प्रश्न प्रत्येक लॅबनं विचारला पाहिजे असं माझं मत आहे, आधीच्या ठिकाणी कुणी विचारला नव्हता. माझी नणंद एएस, म्हणजे सिकल सेलची वाहक आहे, ह्यांची तपासणी कधी झालीच नव्हती. इथं मशीनच्या आलेखात एक वेगळा उंचवटा दिसला तर रिपोर्ट तसाच पाठवून मोकळे झाले नाहीत, तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनं स्वतः फोन केला आणि वेगळी तपासणी करून घेतली, हेही एएस निघाले, म्हणजे वाहक, आजार नाही. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यातून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, पण हिमोग्लोबिन वेगळं असलं किंवा पेशी लवकर मरत असल्या तर हा आकडा फसवू शकतो, सिकल सेलच्या पेशंटचा तर खासच. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाबतीत नुसत्या ह्या आकड्यावर जायचं नाही, रक्तातली साखरही पाहायची. आणि नणंदेच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, तिचीही तपासणी आम्ही आता करून घेतली, एका फॉर्मवरच्या एका ओळीमुळं.

लिव्हर किती कडक झालं ते मोजणारं फायब्रोस्कॅनही इथंच केलं. तीन तास उपाशी जायचं, पाठीवर झोपवून उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधल्या जागेत प्रोब टेकवून टकटक दहा वेळा, दुखत काहीच नाही. टेक्निशियन मुलानं पहिला प्रोब लावला, दोन-तीन रीडिंग घेतली आणि थांबला, "दादा, तुमची चरबीची जाडी जास्त आहे, मोठा प्रोब लावतो," असं सांगून एक्सएल प्रोब आणला. लठ्ठ माणसात साध्या प्रोबनं आकडा चुकतो म्हणे, आणि हे लाज न वाटू देता सांगितलं त्यानं, मला फार बरं वाटलं. कडकपणा ७.४ किलोपास्कल, आठच्या आत, चरबीचा आकडा ३१८. डॉक्टरांनी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट ह्यांवरून लिव्हर कडक झाल्याचा अंदाज देणारा एफआयबी-४ हा आकडा पण काढला, ०.९५ आला, १.३ च्या खाली चांगला. म्हणजे चरबी भरपूर आहे पण लिव्हर अजून कडक झालं नाही, वजन सात ते दहा किलो उतरलं तर मागे फिरू शकते. एक मात्र सांगते, ह्यांचं एसजीपीटी वाढलेलं होतं म्हणून शंका तरी आली, ते नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असू शकते, तेव्हा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, चांगली आली म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करू नका.

आता एक स्टार काहून कापला. रिपोर्टवर जीटीटीच्या दोन तासांच्या आकड्यापुढे चक्क "पीपी" छापून आलं. जेवल्यानंतरची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरची साखर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उद्या दुसऱ्या डॉक्टरनं तो कागद पाहिला तर त्याला वाटेल की ह्या माणसानं पोहे खाऊन टेस्ट केली. मी काउंटरवर सांगितलं तर मुलगी म्हणाली सॉफ्टवेअरमध्ये तसंच येते. इतकी काळजीनं टेस्ट करता मग कागदावर नाव चुकीचं नको, माझी मनापासून विनंती आहे, दुरुस्त करा. शिवाय जीटीटीवाल्यांना बसायची जागा एसीच्या अगदी खाली आहे, उपाशीपोटी ते गोड पाणी पिऊन माणसाला आधीच मळमळते, त्यात दोन तास थंडी, शेजारचे काका रुमाल डोक्याला बांधून बसले होते.

पार्किंग नाही, गाडी गल्लीत लांब लावावी लागते, रिक्षानं आलेलं बरं. जीटीटीला सकाळी आठनंतर आलात तर परत पाठवतात, त्यात त्यांची चूक नाही. सोमवारी गर्दी असते. शाल घेऊन या, आणि टेस्ट झाल्यावर खायला घरूनच काहीतरी आणा, आम्ही मुगाचं धिरडं आणलं होतं. ऑगस्टमध्ये आमची पुढची तारीख आहे, वजन आज सकाळी ९७.५ भरलं, तेव्हा आल्यावर इथंच पुढचं लिहीन.