वाळू तळाशी ठेवून गाळ उचलणारी नळी : खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी हातसायफनचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील वाळू स्वच्छ ठेवण्यासाठी गेले आठ महिने मी रुंद नळीचा हातसायफन, म्हणजे टाकीतले पाणी पाइपने खालच्या बादलीत उतरवताना गाळही ओढून नेणारे साधन, वापरत आहे. त्याआधी जवळजवळ वर्षभर हेच काम बॅटरीवर चालणाऱ्या सफाईयंत्राने करून पाहिले होते. माझी टाकी २०० लिटरची आहे, तळाशी अ‍ॅरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) वाळूचा साधारण ४ सेंटिमीटर जाडीचा थर आहे आणि बहुतेक दाणे १ ते २ मिलिमीटरचे आहेत. हा तपशील आधीच देतो, कारण दाण्याचा आकार आणि थराची जाडी कळल्याशिवाय अशा साधनाविषयी दिलेले मत दुसऱ्याच्या टाकीला लागू पडेलच असे नाही.

साधन दिसायला अगदी साधे आहे. ४८ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, तिला जोडलेला १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा लवचीक पाइप, सुरुवातीला पाणी ओढून घेण्यासाठी पाइपवर बसवलेला रबरी फुगा आणि खालच्या टोकाजवळ एक छोटी तोटी, एवढेच त्याचे भाग. साधनाची सारी गुणवत्ता मात्र या मापांमध्ये आहे. नळीचा व्यास पाइपच्या तिप्पट असल्यामुळे तिचे छेदक्षेत्र नऊपट होते, आणि त्यामुळे पाइपमधून जे पाणी जोरात धावते तेच पाणी नळीतून वर चढताना एक नवमांश वेगाने चढते. अ‍ॅरगोनाइटची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट असते, तर माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजलेल्या शेवाळाचे तुकडे पाण्याहून किंचितच जड असतात. नळीतला वेग दाण्याला उचलण्याइतका नाही पण गाळाला उचलण्याइतका आहे, असा टप्पा साधला की सफाई आपोआप होते. म्हणून असे साधन निवडताना पाइप किती लांब आहे किंवा फुगा किती मोठा आहे हे पाहण्याआधी नळी आणि पाइप यांच्या व्यासांचे प्रमाण पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्षात ते असे दिसते. नळी वाळूत २ सेंटिमीटर खुपसली की आतले दाणे उकळी फुटल्यासारखे नाचू लागतात. त्यांच्या मधून करड्या रंगाचा गाळ धुरासारखा सुटा होतो, नळीच्या मध्यावर दाणे थबकतात, गाळ मात्र न थांबता वर जातो आणि पाइपच्या तोंडाशी वळून दिसेनासा होतो. पाच-सहा सेकंदांत नळीतले पाणी नितळ झाले की तोटी क्षणभर बंद करायची, दाणे खाली बसू द्यायचे आणि नळी शेजारच्या जागी न्यायची. तोटी पूर्ण उघडी ठेवली तर १ मिलिमीटरचे दाणेही वर चढतात आणि बादलीच्या तळाशी खडखडत पडतात. निम्मी मिटली की ते नळीच्या अर्ध्या उंचीवरच थांबतात. माझ्या टाकीत निम्म्या तोटीने २० लिटर पाणी निघायला सुमारे चार मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात तळाचा साधारण तिसरा हिस्सा नीट धुऊन होतो. साखरेसारखी बारीक वाळू असलेल्यांना मात्र हे साधन मी सुचवणार नाही. अर्ध्या मिलिमीटरहून लहान दाणा इतक्या संथ प्रवाहातही वर जातो, आणि दर खेपेला मूठभर वाळू बादलीतून परत आणत बसावे लागते. अशा वाळूवर नळी न खुपसता ती पृष्ठभागापासून बोटभर वर धरून फक्त वरचा गाळ ओढणे एवढेच शक्य असते.

बॅटरीच्या यंत्राशी तुलना करायची तर त्याचा मुख्य दावा असा होता की पाणी टाकीबाहेर जात नाही. ते वाळूतले पाणी ओढते, जाळीच्या पिशवीतून गाळते आणि तिथेच परत सोडते. वाळू वरवर स्वच्छ दिसते यात शंका नाही, आणि ज्यांच्या टाकीत खाद्याचे मोठे तुकडे तळाशी पडून राहतात त्यांना ते उपयोगी पडेलही. परंतु जाळीच्या छिद्रांपेक्षा बारीक असलेला गाळ पिशवीतून निसटून टाकीभर पसरतो. सकाळी सफाई केली की संध्याकाळपर्यंत तोच गाळ खडकांच्या कपारींत आणि प्रवाळांवर पातळ थराने बसलेला दिसे. पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट तर जसेच्या तसे आतच राहते. शिवाय अकराव्या महिन्यात बॅटरीच्या कप्प्यात खारे पाणी शिरले, तारांची टोके हिरवी पडली आणि यंत्र बंद झाले. खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत हा दोष मला गंभीर वाटतो, आणि निर्मात्याकडून त्याबद्दल समाधानकारक उत्तर मिळाले नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

हातसायफनने वाळू धुताना पाणीही बदलले जाते, हा त्याचा मोठा लाभ आहे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलण्याचा माझा परिपाठ आहे, त्यामुळे २० लिटर पाणी आदल्या दिवशीच तयार करून ठेवतो. त्यासाठी आरओ आणि डीआय (पाण्यातले विरघळलेले क्षार काढणाऱ्या) गाळणीतून आलेल्या पाण्यात सुमारे ७०० ग्रॅम सागरी टाकीचे मीठ विरघळवतो, छोट्या पंपाने ते रात्रभर ढवळत ठेवतो आणि क्षारता दर हजारी ३५ झाल्याचे रिफ्रॅक्टोमीटरने पाहून, तापमान टाकीइतके आणूनच ते आत घालतो. ज्या आठवड्यात पाणी बदलायचे नसेल पण वाळू धुवायची असेल, त्या आठवड्यात पाइपचे टोक संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतल्या) २०० मायक्रॉनच्या फेल्ट सॉकमध्ये, म्हणजे गाळणपिशवीत, सोडावे. गाळ सॉकमध्ये अडतो, पाणी टाकीत परत येते, आणि सॉक लगेच काढून धुतला की काम पुरे होते.

आता एक चूक सांगतो, जी साधनाची नसून माझी होती. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, खडकाच्या पायथ्याशी, प्रवाह पोहोचत नसल्यामुळे वाळू ९ ते १० सेंटिमीटर उंच साचली होती आणि काचेतून तिच्यात काळसर पट्टा दिसत होता. नवीन नळी हाती आल्याच्या उत्साहात मी ती त्या ढिगाऱ्यात तळापर्यंत खुपसली. नासक्या अंड्याचा वास बाहेर आला, काही मिनिटांत दोन मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागले, आणि मला घाईने तयार पाणी ओतून, स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राची) हवा वाढवून आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावून परिस्थिती सावरावी लागली. मासे वाचले, पण ती रात्र मी टाकीसमोरून हललो नाही. वाळूच्या वरच्या, प्राणवायू मिळणाऱ्या भागातले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. खाली जिथे प्राणवायू संपतो तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात, आणि त्याहीपेक्षा कोंडलेल्या, सेंद्रिय गाळाने भरलेल्या जागी हायड्रोजन सल्फाइड साठते. म्हणून ३ ते ५ सेंटिमीटरचा उथळ थर सुरुवातीपासून नियमितपणे धुवावा, जाड आणि जुना थर मात्र खोलवर ढवळू नये, फक्त वरचा सेंटिमीटरभर भाग हलका करावा. एकाच दिवशी सगळा तळ धुणेही मी टाळतो, आणि तिसरा-तिसरा हिस्सा घेऊन तीन आठवड्यांत एक फेरी पूर्ण करतो.

वाळूवर दिसणारा प्रत्येक रंग सायफनने जात नाही, हे खरेदीपूर्वी जाणून घ्यावे. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत बसणारी तपकिरी भुकटी डायअ‍ॅटम या सूक्ष्म शेवाळाची असते आणि सिलिकेट संपत आले की ती बहुधा स्वतःहून ओसरते. सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंची लालसर साय नळीच्या तोंडाशी पूर्ण पापुद्र्यासारखी सुटून येते, पण जिथे प्रवाह मंद आणि पोषके अधिक आहेत तिथे ती पुन्हा धरते, तेव्हा पंपाची दिशा बदलणेही तितकेच आवश्यक असते. बुडबुडे अडकलेल्या तपकिरी, शेंबडासारख्या तारा डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जिवांच्या असतील तर मात्र वरचेवर पाणी बदलल्याने नुकसानच होऊ शकते, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आलेल्या टाकीत त्या जास्त फोफावतात.

नळी चालवताना वाळूत राहणाऱ्या जिवांकडे लक्ष ठेवावे लागते. नॅसॅरियस गोगलगायीचा सोंडेसारखा अवयव वाळूबाहेर डोकावत असतो. तो दिसला की मी ती जागा वगळतो. तरीही एकदा एक लहान गोगलगाय नळीत आली आणि दाण्यांबरोबर वरखाली होऊ लागली, तेव्हा तोटी बंद करताच ती सावकाश खाली उतरली आणि पुन्हा वाळूत शिरली. पारदर्शक नळीचे मोल मला त्या दिवशी कळले. वाळूत झोपणारे रास (wrasse) माशांचे प्रकार पाळले असतील तर दिवे गेल्यावर सफाई करू नये. नळीऐवजी वाळू चाळणारा गोबी मासा किंवा वाळूतील तारामासा आणावा असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु ते गाळ टाकीबाहेर काढत नाहीत, आणि लहान टाकीत वाळूतले सूक्ष्म जीव संपले की तारामासा उपाशी मरतो. केवळ सफाईसाठी तो आणणे मला क्रूर वाटते.

साधनातला खरा दोष रबरी फुग्यात आहे. सहाव्या महिन्यात त्याच्या आतली झडप मिठाने चिकटली आणि कोमट पाण्यात भिजवूनही पूर्ववत झाली नाही. अशा वेळी तोंडाने पाणी ओढण्याचा मोह होतो, पण झोअँथिड गटातले (बटणांसारखे दिसणारे) प्रवाळ असलेल्या टाकीत तसे मुळीच करू नये, कारण त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते. आता मी फुगा काढून टाकला आहे. तोटी उघडी ठेवून नळी आणि पाइप टाकीत पूर्ण बुडवतो, आत हवा उरली नाही याची खात्री झाली की तोटी बंद करतो, नळीचे तोंड पाण्याखालीच ठेवून पाइपचे टोक बादलीत सोडतो आणि मग तोटी उघडतो. काम झाल्यावर सारे भाग गोड्या पाण्याने धुऊन तोटी अर्धी उघडी ठेवून वाळत घालतो, म्हणजे पुढच्या खेपेला ती अडकून बसत नाही.