नव्या एसीत 'गॅस कमी आहे' म्हणून पैसे उकळले

खोक्यातून त्याच दिवशी काढलेला कोरा एसी, आणि बसवायला आलेला माणूस म्हणतो, "गॅस कमी दाखवतोय, भरावा लागेल." मी भरून घेतला. तो गॅस त्यानेच दहा मिनिटांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत हवेत सोडला होता, हे कळायला मला चार महिने लागले.

आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधले जाड आणि बारीक असे दोन्ही पाइप जोडून झाल्यावर त्याने जाड पाइपचा नट जरा सैल ठेवला आणि बारीक पाइपच्या व्हॉल्व्हला अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची चावी) लावून किंचित फिरवली. सूंऽऽ आवाज, पांढरा फवारा. असं तीनदा. विचारलं तर म्हणे, "हवा काढतोय." मग नट आवळला, एसी चालू केला, प्रेशर मोजायचं गेज लावलं आणि खाली येणारा काटा मला दाखवला. आता माहीत आहे की कॉम्प्रेसर सुरू झाला की जाड पाइपचं प्रेशर उतरतंच. उतरलं नाही तरच काळजी. तेव्हा मात्र काटा बघून मी घाबरलो. सिलिंडर जोडला, वजनकाटा नाहीच, अंदाजाने गॅस सोडला.

आउटडोअर युनिट कारखान्यातूनच गॅस भरून येतं. किती ग्रॅम, ते त्याच्या स्टिकरवर छापलेलं असतं. माझ्या मॅन्युअलप्रमाणे तो गॅस ५ मीटर पाइपला पुरतो. माझा पाइप ३ मीटर. म्हणजे भरायचा प्रश्नच नव्हता. पाइपमधली हवा काढायची ती व्हॅक्यूम पंपाने, म्हणजे आतली हवा ओढून घेणाऱ्या पंपाने. गॅसच्या फवाऱ्याने थोडी हवा जाते, पण दमटपणा आतच राहतो, तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसरच्या मोटारीचं वाइंडिंग (तारांचं वेटोळं) खातो. उरलेल्या हवेने प्रेशर चढतं, वीज जास्त लागते. शिवाय माझा गॅस आर-३२, म्हणजे पेट घेऊ शकणारा. तो असा मोकळा सोडला, याचा मला अजूनही संताप येतो.

चार महिन्यांत थंडावा गेला. दुसऱ्या मेकॅनिकने सगळा गॅस काढून वजन केलं. स्टिकरवर ६२० ग्रॅम, निघाला ८४०! गॅस जादा झाला तरी थंडावा कमी होतो. त्याने अर्धा तास पंप चालवला, आत किती हवा उरली ते दाखवणारा मीटर ५०० मायक्रॉनच्या (प्रेशरचं अगदी छोटं माप) खाली गेल्यावर पंप बंद करून पंधरा मिनिटं आकडा चढतो का, म्हणजे कुठे गळती किंवा दमटपणा उरलाय का, ते पाहिलं, आणि मगच काट्यावर तोलून नवा गॅस भरला.

तुमच्याकडे कोणी एसी बसवायला आला, तर पाइप जोडण्याआधीच विचारा, "पंप आणलाय का? दाखवा." नसेल तर काम थांबवा. पाइप खरंच लांब असेल तर जादा गॅस लागतो, पण तो मीटरमागे किती ग्रॅम हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. वजनकाट्याशिवाय भरू देऊ नका.

मी पहिल्याचं बिल पुन्हा काढून पाहिलं. गॅसच्या खाली वेगळी ओळ होती: 'व्हॅक्यूम चार्ज'. पंप त्याच्या पिशवीत नव्हताच.