फाईल हिस्टरी (विंडोज ११): बरेच महिने वापरून झाल्यावर

माझं काम दिवाळी अंक आणि पुस्तकांच्या टाईपसेटिंगचं, म्हणजे एकच फाईल लेखक, संपादक, मुद्रितशोधक सगळे मिळून महिनाभर चिवडणार आणि शेवटी फोन येणार, "अहो ते आधीचंच बरं होतं, तेच ठेवा." एवढ्यासाठीच फाईल हिस्टरी, म्हणजे फाईलींची जुनी रूपं (व्हर्जन्स) आपोआप बाहेरच्या डिस्कवर साठवत जाणारी विंडोजमधलीच सोय, चालू केली आणि त्या कामाला ती चोख आहे. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स, की तारीखवार यादी समोर. फक्त थेट रिस्टोर दाबू नका, जुनं व्हर्जन चालू फाईलवरच बसतं, रिस्टोर टू घेऊन दुसऱ्या फोल्डरात काढा.

२०१२ ला विंडोज ८ सोबत आलेली गोष्ट, तरी कुणाला माहीत नसते. कशी असेल, ११ मध्ये सेटिंग्जमधून गायब, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि तिथे फोल्डर वगळायची सोय आहे, घालायची नाही! डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आपोआप जातात पण आपल्याकडे निम्म्या लोकांचं काम डी ड्राईव्हवर, ते येतच नाही. तो फोल्डर आधी लायब्ररीत (वेगवेगळ्या जागचे फोल्डर एकत्र दाखवणारी विंडोजची यादी) घाला, मग घेते.

कॉपी घ्यायचं मूळ सेटिंग दर तासाचं, मी १० मिनिटांवर ठेवलंय. व्हर्जन्स 'फॉरेव्हर' ठेवायचं सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला, कारण बदललेला तुकडा नाही तर दरवेळी अख्खी फाईल कॉपी होते. वर्डला काही वाटत नाही, पण कव्हरची फोटोशॉप फाईल ५०० एमबीची असेल तर चार व्हर्जन्समध्ये २ जीबी गेले.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बाहेरच्या डिस्कवर साध्या फाईलीच असतात, नावात तारीख-वेळ जोडलेली, त्यामुळे कॉम्प्युटरच बसला तरी डिस्क दुसरीकडे लावून सरळ कॉपी करता येतं. ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते बरं का, साडेपाच तास मिळवायचे, ०९_३० दिसलं तर आपले दुपारचे ३.

अख्ख्या मशीनचा बॅकअप समजू नका, विंडोज आणि सॉफ्टवेअर यात येत नाही, इन्स्टॉल केलेले फॉन्टही नाही. जुनी कामं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांत असतील तर फॉन्टशिवाय परत मिळालेली फाईल नुसती गिचमिड दिसणार, म्हणून फॉन्टचा फोल्डर वेगळा कॉपी केलाय. आणि कायम लावलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तावडीतही सापडते, त्यामुळे दुसरी एक डिस्क कपाटात असते, ती फक्त रविवारी लावतो.