आधी ‘स्थळ’ की आधी ‘साबर बोंडं’?

मैत्रिणीचा फोन आला. तिची आई पंधरा दिवस राहायला आलेली, सासूबाई घरात आहेतच, मुलगा बारावीत. सगळ्यांना मोकळा असा एकच रविवार. “तू सगळे सिनेमे बघत असतेस. ‘स्थळ’ बघू की ‘साबर बोंडं’? एकच सांग.” एकच सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि वीस मिनिटं बोलत बसले. शेवटी ती म्हणाली, “राहू दे, आम्ही पत्ते खेळतो.”

तर तिला जे नीट सांगता आलं नाही ते हे.

दोन्ही सिनेमे थिएटरात आले ते 2025 मध्ये. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ 7 मार्चला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ 19 सप्टेंबरला. दोघांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. दोन्ही बाहेरून नाव कमावून घरी आले. ‘स्थळ’ला टोरांटोच्या महोत्सवात 2023 मध्ये नेटपॅक, म्हणजे आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर दीड वर्षाने तो आपल्याला बघायला मिळाला. ‘साबर बोंडं’ला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव काढलं की आमच्या घरात लगेच “म्हणजे झोप येणारा का?” असं विचारतात. एकात येत नाही. दुसऱ्यात येऊ शकते; ते पुढे सांगते.

तुलना करावीशी वाटली ती मात्र वेगळ्याच कारणाने. दोन्हींचा विषय एकच आहे: “लग्नाचं काय?” एकीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता, जिला दाखवून दाखवून लग्न लावायचं आहे. दुसरीकडे मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद. वडील गेले म्हणून दहा दिवस गावी आलेला, आणि सुतकातसुद्धा त्याला कुणी त्या प्रश्नातून सोडत नाही. एक प्रश्नासमोर बसलेली, दुसरा प्रश्न टाळत हिंडणारा.

मी मूळची वर्ध्याकडची. त्यामुळे ‘स्थळ’ मी बघितला असं म्हणणं खोटं होईल. तो माझ्या अंगावर आला. ते बुटकं स्टूल. समोर ओळीने बसलेली पाहुणे मंडळी. आतल्या खोलीतून दाराआड कान लावून उभ्या बायका. मग प्रश्न: नाव, शिक्षण, उंची, छंद. सविता उत्तर देते, पाहुणे चहा-पोहे संपवतात, उठतात. काही दिवसांनी निरोप येतो, किंवा येतच नाही. रंग सावळा, उंची कमी. पुन्हा दुसरे पाहुणे, तेच स्टूल, तेच प्रश्न. दिग्दर्शकाची सगळी ताकद या ‘पुन्हा’मध्ये आहे. पहिल्या बैठकीला हसू येतं, कारण ते इतकं हुबेहूब आहे. पुढच्या बैठकीलाही येतं. त्यानंतर कधीतरी आपण हसायचं थांबलेलो असतो आणि नेमकं कधी थांबलो ते लक्षात येत नाही.

सुरुवातीलाच त्यांनी एक गंमत केली आहे. बैठक उलटी: बायका प्रश्न विचारायला बसलेल्या आणि बिचारा पोरगा समोर अवघडून बसलेला. थिएटरात आम्ही जेमतेम दहा-बारा जण होतो, पण त्या प्रसंगाला मागून एका बाईंचं मोकळं हसणं आलं ना, ते अजून कानात आहे. त्या बाई पुढे हसल्या नाहीत.

आणि एवढं सगळं होत असताना कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला सर स्त्री-सक्षमीकरण शिकवत असतात. सविताला एमपीएससी द्यायची आहे, पण पेपर आणि पाहुणे यांचं भांडण लागलं तर कोण जिंकणार हे सांगायला नकोच. बाप वाईट नाही. खलनायक केला असता तर आपली सुटका झाली असती. तो कापसाचा शेतकरी आहे; भाव वाढेल म्हणून माल धरून ठेवणारा, हुंड्याची जुळवाजुळव करता करता वाकलेला. पोरीची किंमत आणि कापसाची किंमत, दोन्ही समोरचा ठरवतो. हे वाक्य कुणी बोलत नाही, पण दिसतं. कलाकार बहुतेक त्याच भागातले, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिलेले. नंदिनी चिकटे हिने सविता केली आहे. तिचं खाली बघणं प्रत्येक बैठकीत थोडं वेगळं आहे. सरावलेल्या नटीला हे जमलं असतं की नाही, मला शंका आहे.

तक्रार एकच. मधल्या काही प्रसंगांत सिनेमा आपलं म्हणणं दोनदा सांगतो. आपल्याला कळलेलं असतं, तरी एकदा बोट धरून दाखवतो. शेवटाकडे जाताना त्या सरांच्या बाबतीत काय होणार हे मला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं. माझ्या बहिणीला मात्र कळलं नव्हतं आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. म्हणजे दोष कदाचित माझ्या जास्त सिनेमे बघण्याचा.

भाषेबद्दल: चंद्रपूरकडची बोली आहे, घट्ट. पुण्या-मुंबईच्या मंडळींना पहिली दहा मिनिटं कान लावावे लागतील. आमच्याकडे उलट झालं. सासरकडची माणसं खालची इंग्रजी अक्षरं वाचत होती आणि मी एकटीच तोंडावर हात ठेवून हसत होते.

आता दुसऱ्याकडे वळते. ‘बोंड’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर कापसाचं बोंड येतं, पांढरं फुटलेलं. वेचायला गेलं की वाळलेल्या टोकांनी बोटं रक्ताळतात. त्यामुळे ‘साबर बोंडं’ हे नाव ऐकून मी आधी गोंधळले. साबर म्हणजे निवडुंग, आणि त्याची ही लालचुटूक फळं, बारीक कुसांनी भरलेली. सिनेमात आनंदचा मित्र बाळ्या ती त्याच्यासाठी आणतो. एवढंच सांगते. पण कुसं काढून कुणी आपल्यासाठी फळ आणणं म्हणजे काय, हे जिने कधी कापूस वेचला आहे तिला समजावून सांगावं लागत नाही.

हा सिनेमा ‘स्थळ’सारखा तुमच्या समोर येऊन उभा राहत नाही. लांब बसतो. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. अंगणात नातेवाईक बसलेत, कुणी उठून जातं, कुणी येतं, आपण बघत राहतो. पार्श्वसंगीत नाहीच. कोंबडा, वारा, भांडी, दुरून जाणारी गाडी. सुरुवातीला मला वाटलं थिएटरवाल्यांचा आवाज बिघडला. पंधरा-वीस मिनिटांनी कान त्या शांततेला लागले आणि मग एखाद्याने श्वास सोडलेलाही ऐकू यायला लागला. झोप येऊ शकते म्हणाले ती इथे. दमून-भागून, जेवून, रात्री दहाला लावाल तर नक्की येईल, आणि त्यात सिनेमाची काही चूक नाही.

आनंद आणि बाळ्या हे लहानपणीचे मित्र. त्यांच्यात जे उमलतं ते प्रेम आहे. आडपडदा न ठेवता सांगते, कारण सोबत कुणाला घेऊन बसायचं हे तुम्हाला त्यावरून ठरवायचं आहे. जवळिकीचे दोन-तीन प्रसंग आहेत. ओंगळ एकही नाही. पण मला धरून ठेवलं ते आनंदच्या आईने. जयश्री जगताप यांनी ती केली आहे. नवरा गेलेला, भोवती दीर-जावा, प्रत्येक जण सांगणार की आता पोराचं उरकून टाक. आणि ही बाई मुलाबद्दल सगळं जाणून असलेली, भांडण न करता, काहीबाही सांगून वेळ मारून नेते. कुठे व्याख्यान नाही, डोळ्यांत पाणी आणून “तू कसाही असलास तरी माझा” असली वाक्यं नाहीत. ती फक्त त्याच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये उभी राहते. मलाही एक मुलगा आहे. घरी येताना रिक्षात मी त्याच्याशी काही बोललेच नाही. पूर्वी त्याला गमतीने केलेल्या दोन विनोदांची मला आठवण येत होती.

कानवडे यांनी हे कुठून आणलं ते त्यांनीच मुलाखतींतून सांगितलं आहे: वडील वारल्यावर ते गावी गेले होते आणि लग्नाचा धोशा त्यांच्याही मागे लागला होता. सुतकाचे नियम म्हणूनच इतके खरे उतरलेत. पायात काही घालायचं नाही, काय खायचं, कुठे निजायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. माझे काका गेले तेव्हा असेच दहा दिवस मी काढले आहेत. दु:ख करायला वेळच मिळत नाही, कारण सगळा दिवस नियम पाळण्यात जातो. हे मी सिनेमात पहिल्यांदा बघितलं. प्रेमकथा म्हणून गाजला, पण माझ्या लेखी हा सुतकावरचा सिनेमा आहे. भूषण मनोज यांचा आनंद सबंध वेळ काहीतरी गिळत असल्यासारखा वावरतो. सूरज सुमन यांचा बाळ्या त्याच्याहून मोकळा, आणि म्हणून त्याच्याबद्दल जास्त भीती वाटत राहते.

खोट काढायचीच तर मधला तुकडा लांबला आहे. रानातले, झाडाखालचे प्रसंग सुंदर आहेत, पण त्यातला एखादा कमी चालला असता.

“मग चांगला कुठला?” मैत्रिणीने हेच विचारलं होतं. सिनेमा म्हणून ‘साबर बोंडं’. दोन-तीन महिने झाले, ती शांतता अजून अंगावर आहे. पण तुझ्या रविवारी लावायचा तो ‘स्थळ’. घरात तीन पिढ्या आणि एकच खोली असेल तर तो सगळ्यांना एकत्र बसवतो आणि नंतर बोलायला लावतो. आमच्याकडे सिनेमा संपल्यावर आई सहज म्हणाली, “मला बघायला आले तेव्हा सुईत दोरा ओवायला लावला होता.” पंचेचाळीस वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “तो मामा होता. मी नाही.” त्यावर अर्धा तास जुंपली.

ज्या घरात लग्नाळू मुलगी आहे आणि बैठका चालू आहेत, तिथे मात्र ‘स्थळ’ लावण्याआधी त्या मुलीला विचारा. तिला तो दिलासा वाटेल की ओरखडा, हे तुम्ही ठरवू नका.

‘साबर बोंडं’ एकट्याने किंवा ज्याच्याबरोबर गप्प बसता येतं अशा एका माणसाबरोबर. दुपारी, पंखा बारीक करून, फोन दुसऱ्या खोलीत. सासूबाईंना दाखवू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या मावशीने, वय वर्षं 71, तो बघितला आणि तिची एकमेव हरकत होती की सुतकात अमुक एक गोष्ट त्यांच्याकडे करत नाहीत. पण घरातला कुणी टवाळ असेल तर त्याला सोबत घेऊ नका. त्याच्या एका खिदळण्याने या सिनेमाचं वाटोळं होतं. बारावीतला मुलगा? माझ्या मते त्याने बघावा, आईशेजारी बसून नाही.

आणि दोन्हींसाठी मन लागणार नसेल, नुसता धडाक्याने सिनेमा बघायचा असेल, तर ‘दशावतार’. ‘साबर बोंडं’च्या बरोबर एक आठवडा आधी, 12 सप्टेंबरला आला आणि गर्दी खेचून गेला. तळकोकण, दशावतारी कलावंत, डोंगर पोखरणारी मंडळी, आणि ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर, जे या वयात बाबुली मेस्त्री होऊन रंगमंच अक्षरश: पेलतात. उत्तरार्ध माझ्या चवीला जरा मसालेदार झाला. पण तो लहान पडद्यावर अर्धा होतो, आणि तुझ्याकडे टीव्ही आहे बत्तीस इंची.

क्रम विचारशील तर आधी ‘स्थळ’, मग मध्ये एखादा आठवडा जाऊ दे, मग ‘साबर बोंडं’. उलटा केलास तर सविताच्या घरातला गोंगाट फार कर्कश वाटेल. सलग दोन तर नकोच. आम्ही तो उद्योग करून बसलोय, दुसऱ्याला कुणी न्याय दिला नाही.

आणि एक राहिलंच. ‘स्थळ’च्या दिवशी संध्याकाळी खायला कांदेपोहे करू नकोस. आम्ही केले होते. अर्धी कढई तशीच उरली.