शहराचा इंजिनीअरिंग जिऑलॉजी नकाशा करून घेतला, साडेतीन स्टार

आधी निकाल सांगतो. बोअर (पाण्याचे नाही, खाली माती-दगड काय आहे ते तपासायला पाडतात ती भोकं) कुठे मारायचे हे ठरवायला नकाशा एक नंबर, पण नकाशा आहे म्हणून बोअर मारायचेच नाहीत असं कोणी ठरवलं तर पुढे डोक्याला ताप आहे. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्या फक्त यांच्याच कामात दिसतात असं नाही.

काम होतं शहराच्या वाढत्या भागाचा १:१०,००० चा नकाशा, छापील शीट प्लस जीआयएस लेयर (कॉम्प्युटरवर एकावर एक चालू-बंद करून बघायचे नकाशाचे थर). जुना भूशास्त्रीय नकाशा आहे की मग हा कशाला असं विचारणारे भेटतातच, तर तो नकाशा खडकाची जात आणि वय सांगतो, पाया घालणाऱ्याला खडक किती कोटी वर्षांचा आहे याचं काय करायचंय, त्याला हवं असतं वरची माती किती जाड, दगड किती खोलवर, तो किती वेदर झालाय (हवा-पाण्याने कच्चा पडलाय), पाणी कुठे लागेल आणि उतार कापला तर उभा राहील का. इथे हे मस्त जमलंय. खडक एकच, पण ताजा एका रंगात आणि वेदर झालेला दुसऱ्या रंगात, त्यावर दगडाच्या खोलीचे कंटूर, म्हणजे सारखी खोली जोडणाऱ्या रेषा.

मला सगळ्यात आवडलं ते बोअरच्या ठिपक्यावर क्लिक केलं की अख्खा लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद, उघडतो. एका ठिकाणचा सांगतो: वर दोन मीटर भराव, विटांच्या तुकड्यांसकट, खाली मऊ गाळ, तीन मीटरवर एन व्हॅल्यू ४, साडेचारवर ६, सहावर ५ आणि नऊच्या आसपास एकदम रिफ्युजल, म्हणजे ठोके मारूनही पुढे जाईना. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ६३.५ किलोचा हातोडा ७६० मिमीवरून सोडतात, पहिले १५० मिमी सोडून पुढचे ३०० मिमी आत जायला जितके ठोके लागतात ती एन व्हॅल्यू, कमी म्हणजे जमीन मऊ.) आता शेजारच्या बोअरमध्ये अडीच मीटरवरच दगड, मग मधेच हा खड्डा कसला? तर जुने सर्व्हे नकाशे आणि एरियल फोटो लावून त्यांनी बुजवलेला ओढा शोधून काढलाय, आजच्या रस्त्याला तिरका छेद देत जातो, वरून बघून कुणाला सांगूनही पटणार नाही. असले बुजवलेले पट्टे किती महाग पडतात ते जपानच्या निगाता शहरात १९६४ च्या भूकंपात दिसलं, शिनानो नदीकाठच्या वाळूचं लिक्विफॅक्शन झालं (पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने पातळ झाली) आणि अपार्टमेंटच्या इमारती फारशा न मोडता तशाच्या तशा कलंडल्या.

आणि म्हणूनच भरावाच्या बाबतीत राग येतो. अख्ख्या शीटवर भराव एकाच राखाडी रंगात! डेब्रिज, कचरा, रोलर मारून थराथराने घातलेला मुरूम आणि पाण्याबरोबर पंप करून ओतलेली वाळू, सगळं एकच? जाडी नाही, कधी टाकला ते नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात १९१५ च्या प्रदर्शनासाठी जागा करताना टाकलेला भराव १९८९ च्या भूकंपात लिक्विफाय झाला, केंद्र सुमारे १०० किमी लांब असताना, तेव्हा भराव कसला आणि कधीचा हे लेजंडमध्ये (कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीत) यायलाच पाहिजे.

दुसरं, सगळ्या सीमारेषा सलग. जिथे माहिती कमी तिथे तुटक रेष मारायची हे साधं काम आहे राव. ठिपक्यांचा लेयर पूर्ण ऑन करून बघितला तर मोठ्या इमारतींच्या पट्ट्यात बोअरची नुसती गर्दी आणि एका बाजूला मैलभरात मोजके ठिपके, पण रंग दोन्हीकडे सारखेच ठाम. छापील शीटवर तर ठिपके नव्हतेच, मागितल्यावर वेगळी शीट पाठवली. युनेस्कोने १९७६ मध्ये या नकाशांची मार्गदर्शिका काढली होती, त्यात डॉक्युमेंटेशन मॅप (माहिती कुठून कुठून घेतली ते दाखवणारा नकाशा) हा प्रकार दिलेला आहे, म्हणजे हे काही नवीन फॅड नाही.

'बांधकामास योग्य, मध्यम, अयोग्य' अशी हिरवी-पिवळी-लाल शीट पण दिलीय, मीटिंगमध्ये सगळे त्यावरच तुटून पडतात. पण योग्य कशासाठी? पाणी वर असेल तर दोन मजली घराला फार अडचण नाही, तीन मजली बेसमेंट खोदणाऱ्याची मात्र वाट लागते. कुठल्या गोष्टीला किती वजन दिलं ते रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ही शीट मी बाजूला ठेवून दिली, मूळ लेयर बघतो.

आणि प्लीज, झूम करून आपल्या प्लॉटवर रेष कुठून जाते ते बघत बसू नका. १:१०,००० ला कागदावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवर १० मीटर, अर्ध्या मिमीची रेषच ५ मीटर रुंद झाली, स्क्रीनवर कितीही मोठी केली तरी ती तेवढीच कच्ची राहते.

सपोर्ट चांगला आहे, त्यांची भूशास्त्रज्ञ फोनवर न कंटाळता समजावते. फक्त नवीन बोअर लॉग आपल्याला टाकता येत नाहीत, त्यांनाच पाठवावे लागतात आणि ते त्यांच्या सवडीने चढवतात. ऑर्डर देणार असाल तर एडिटिंगचा ॲक्सेस, भरावाची जाडी आणि तुटक रेषा या तीन गोष्टी आधीच वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या, नंतर मागितलं की 'स्कोपमध्ये नाही' हेच उत्तर मिळतं.