चार फुटी रीफ टँकवर एक मोठा लाईट की दोन लहान?

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक. त्याला लाईट किती लागतील हे टँकच्या लिटरवर ठरत नाही. 48 × 18 × 18 इंचांच्या टँकमध्ये सुमारे 255 लिटर पाणी मावतं आणि 30 × 24 × 22 इंचांच्या टँकमध्येही जवळपास तेवढंच. पण पहिल्याला दोन लाईट लागतात, दुसऱ्याचं एका चांगल्या लाईटवर बहुतेक वेळा भागतं. बाजारातला एक चौकोनी रीफ एलईडी पाण्याच्या 8 ते 10 इंच वर टांगला, तर त्याचा उपयोगी उजेड साधारण 24 × 24 इंचांत पडतो. म्हणून आधी कोरल टँकच्या किती लांबीरुंदीत बसणार आहेत ते टेपने मोजा.

दुसरा प्रश्न कोणते कोरल, हा. इथे वॅट नाही, पार बघायचा: प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल. झोअँथस, मशरूम, लेदर अशा मऊ कोरलना 50 ते 120 पुरतो. युफिलियासारख्या मोठ्या तोंडांच्या दगडी कोरलना 80 ते 150, तर ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलना 200 ते 350. यादी करतानाच लक्षात ठेवा, दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. आपल्या समुद्रातून तोडलेला तुकडा विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि आधीच संकटात असलेल्या प्रवाळभित्तींवरचा तो घाव आहे. कायदेशीर आयातीची कागदपत्रं न दाखवता कोणी ॲक्रोपोरा देत असेल तर घेऊच नका. टँक मऊ कोरलचा ठेवायचं ठरलं की लाईटची गरज निम्म्याहून खाली येते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच करावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन फुटी टँकवर फार विचार नको, एक लाईट पुरे. एआय प्राइम 16 एचडी (59 वॅट) किंवा केसिल ए360एक्स (90 वॅट) या वर्गातला कोणताही चालेल. तीन फुटी टँकला मऊ कोरलसाठी मधोमध एक 90 वॅटचा लाईट चालतो, मात्र दोन्ही टोकांना पाच-सहा इंच मंद उजेडाचे राहतात. तिथे मशरूम लावा किंवा वाळू मोकळी सोडा.

खरी निवड चार फुटी टँकवर करावी लागते. रेडियन एक्सआर30 या मोठ्या लाईटमध्ये एलईडीचे दोन गुच्छ असतात, एक्सआर15 या लहानात तसाच एक. म्हणजे एक मोठा घ्या किंवा दोन लहान, वीज आणि एकूण उजेड जवळपास सारखाच; फरक तो कुठे पडतो याचा. मोठा एकच लाईट मध्ये टांगला की बरोबर खाली 250 पार आणि कोपऱ्यात 40, असं चित्र सहज होतं. मधले कोरल पांढरे पडू नयेत म्हणून लाईटच्या तीव्रतेची टक्केवारी कमी केली, की कोपरे उपाशी. दोन लाईट टँकच्या टोकांपासून 12-12 इंचांवर लावले तर मधल्या पट्ट्यात दोघांचा उजेड एकत्र होतो. पार सरळ बेरजेने वाढतो: एकाचा 70 आणि दुसऱ्याचा 60, तर तिथे 130.

त्याहून मोठा फायदा सावलीचा. एका जागेवरून उजेड आला की फांदीखालची बाजू अंधारात राहते. कोरल वाढेल तशी सावली दाट होते आणि बुडखा मरत जातो. वरून टँक सुंदर दिसत असतो, म्हणून हे उशिरा कळतं. दोन दिशांनी उजेड आला की हे बरंच टळतं. फांद्यांचे कोरल दाट असतील तर दोन लाईटच्या जोडीला चार फुटी निळी एलईडी पट्टी पुढच्या बाजूला लावावी.

दोन लहान घेताना खर्च थोडा वाढतो. स्टँडही दोन लागतात. तरी चार फुटीसाठी आम्ही दोनच सुचवू. आयात केलेला लाईट बिघडला तर दुरुस्तीला काही आठवडे जाऊ शकतात. एक चालू राहिला तर टँक तग धरतो. टँकच्या मधोमध काचेची आडवी पट्टी असेल तर एकट्या लाईटच्या बरोबर खाली तीच येते, हेही पाहा.

165 वॅट लिहिलेले चिनी ब्लॅक बॉक्स (काळ्या पेटीसारखे एलईडी लाईट) स्वस्त असतात. उजेड भरपूर देतात, पण भिंतीवरच्या सॉकेटमधून 165 पेक्षा कमी वॅट ओढतात. भिंगं अरुंद असल्याने ठिकठिकाणी झोत पडतात, म्हणून ते 12-14 इंच वर टांगा. साध्या मॉडेलला निळ्या आणि पांढऱ्या एलईडींची वाहिनी वेगवेगळ्या टायमरवर लावा: निळी 9 ते 10 तास, पांढरी 5 ते 6. मऊ कोरलच्या चार फुटी टँकला असे दोन पुरून उरतात.

पुण्याच्या एप्रिल-मेचा विचार खरेदीआधीच करा. बाहेर 40 अंश असताना टँक 25 ते 27 अंशांवर ठेवायचा असतो, आणि बंद लाकडी झाकणाखाली लाईटची उष्णता कोंडते. वरून उघडं ठेवा. कोरड्या हवेत पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा पाणी दोन-तीन अंश उतरवतो. मात्र बाष्पीभवनाने क्षारता चढते, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी भरावं लागतं. विजेचा हिशेब सोपा आहे. सरासरी 130 वॅट रोज 9 तास, म्हणजे महिन्याला सुमारे 35 युनिट. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आणि एसीमुळे महावितरणचं बिल आधीच 300 युनिटवर गेलं असेल, तर हे 35 वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. देखभालीसाठी वीज गेली तर काही तासांच्या अंधाराने कोरलचं बिघडत नाही. इन्व्हर्टरवर लाईट लावू नका, तिथे वेव्हमेकर (पाणी फिरतं ठेवणारा पंप) लावा.

टांगल्यावर पाण्याखाली चालणाऱ्या पार मीटरने मोजा. ॲपोजीचा एमक्यू-510 निळा उजेडही नीट पकडतो. मोबाईलमधलं लक्स ॲप हिरव्या-पिवळ्या उजेडाकडे झुकलेलं असतं, रीफच्या निळ्या लाईटला ते फसतं. खडकाचा माथा, मधली पायरी, वाळू आणि चारही कोपरे, प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून ठेवा. हवा तो पार 60-70 टक्क्यांवर मिळत असेल तर लाईटची संख्या बरोबर आहे. 100 वरही कोपरे मंदच असतील तर एक लाईट कमी पडतोय.

सुरुवात मोजलेल्या लक्ष्याच्या निम्म्यावर करा आणि दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा. दोन्ही लाईट एकट्या लाईटच्या सेटिंगवर सोडले की मधला पट्टा पहिल्या पंधरवड्यातच फिका पडतो, हा नेहमीचा घोटाळा. फिकेपणा दिसला तर टक्केवारी 10 ने उतरवा आणि दोन आठवडे काही हलवू नका. उलट मऊ कोरल लांबट होऊन वर ताणले जाऊ लागले किंवा रंग तपकिरी पडला, तर उजेड कमी आहे. दर महिन्याला लाईटच्या भिंगावरचं आणि पंख्यावरचं मीठ ओलसर फडक्याने पुसा. मीठ साचलं की उजेड घटतो आणि पंखा अडकून एलईडी तापून मरतात.